समदुःखी आईबापांचा इतिहास

कोणत्याही लोकोपयोगी संस्थेच्या दारात गेले म्हणजे प्रथम नजरेस पडते ती संगमरवरी पाटी. तीवर देणगीदाराचे नाव असते, कोनशिला बसविणाऱ्या पाहुण्याचे असते, क्वचित संस्थापकाचेही असते. इतिहास लिहू पाहणारा मनुष्य या पाट्यांवरून आपली वही भरतो आणि घरी जातो. त्यात त्याचा फारसा दोष नाही. लेखी पुरावा जेथे असतो तेथेच इतिहासकाराची पावले वळणार. परंतु अपंग मुलांसाठी आपल्या महाराष्ट्रात जे काम उभे राहिले, त्याचा इतिहास या पाट्यांवरून लिहिता येत नाही, असे आमचे मत आहे. तो पाटीच्या आधी सुरू होतो. दवाखान्याच्या बाकावर किंवा शाळेच्या फाटकाबाहेर दोन परक्या आया एकमेकींशी बोलू लागतात, तेथे तो सुरू होतो. आणि त्या बोलण्याची नोंद कोणी ठेवलेली नसते.

‘ज्याचे जळते त्याला कळते’ ही म्हण आपल्याकडे बहुधा वैतागाने वापरली जाते. तुला काय कळणार, असा तिचा रोख असतो. पण तिची दुसरी बाजू आपण सहसा पाहत नाही. ज्याला कळते असा दुसरा कोणी तरी जगात आहे, एवढाच अर्थ तिच्यातून काढला तरी पुष्कळ होतो. मूल दोन वर्षांचे झाले तरी मान धरीत नाही, चार वर्षांचे झाले तरी बोलत नाही, असे ज्या घरात घडते तेथे सल्ला देणाऱ्यांची वाण नसते. कोणी नवस सांगतो, कोणी अंगारा आणून देतो, कोणी पत्रिका मागतो. पूर्वजन्मीचे पाप म्हणून मोकळे होणारेही असतात, आणि ते पाप बहुधा आईच्याच पदरात पडते. आपली जुनी एकत्र कुटुंबपद्धती असल्या मुलांना सहज सांभाळून घेत असे, असे आजकाल फार सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. घरात माणसे पुष्कळ असल्यामुळे मूल उपाशी राहत नसे, हे कबूल. पण सोप्यावर पाहुणे आले की त्याला माजघरात नेऊन बसविणारे हातही त्याच कुटुंबातले होते. मुलींची लग्ने जमेपर्यंत त्याचे नाव न काढण्याची ताकीदही तेथेच मिळत असे.

सरकारदरबारी तरी या मुलांची काय नोंद होती? इंग्रजी अमदानीत खानेसुमारी सुरू झाली तेव्हा वेडे, मुके-बहिरे, आंधळे आणि महारोगी यांची गणती होऊ लागली. १९३१ नंतर तीही थांबली. स्वतंत्र भारतात ती १९८१ साली एकदा झाली, मग पुन्हा खंड पडला, आणि २००१ पासून अपंगत्वाचा प्रश्न जनगणनेत पुन्हा आला. म्हणजे मधली पन्नास वर्षे आपण किती आहोत हे या आईबापांना सांगणारे कोणी नव्हते. जो तो आपापल्या घरात आपण एकटेच अशा समजुतीने राहत होता. कायद्याची दृष्टी तर याहून विचित्र होती. १९१२ च्या ‘लुनसी’ कायद्याने वेड्याची जी व्याख्या केली तीत जन्मतः मंदबुद्धी असलेला मनुष्य आणि मध्येच भ्रम झालेला मनुष्य या दोघांना एकाच दावणीला बांधले होते. मूल मोठे होऊन घरात आवरेनासे झाले, की कायद्याला ठाऊक असलेला रस्ता वेड्यांच्या इस्पितळाकडेच जात होता.

(‘मतिमंद’ हा शब्द सांप्रत मागे पडला आहे व ‘बौद्धिक अक्षमता’ असे म्हणण्याची पद्धत पडली आहे. हा बदल योग्यच आहे. तथापि जुन्या काळाविषयी बोलताना त्या काळचे शब्द अधूनमधून येणारच.)

आता पाटीआधीच्या गोष्टीकडे वळू. मुंबईस होरमसजी व जय वकील या पारशी दांपत्याला दीना नावाची मुलगी होती. तिला आज ज्याला ‘डाउन सिंड्रोम’ म्हणतात तो जन्मजात दोष होता. तिला घेईल अशी शाळा नव्हती. तेव्हा १९४४ साली या जोडप्याने आपल्या राहत्या घरीच शाळा मांडली, आणि तीत दीनेबरोबर तिच्यासारखी इतर मुलेही घेतली. शिवडीची जय वकील शाळा ती हीच. आमच्या मते या कथेतले महत्त्वाचे पाऊल शाळा काढण्याचे नसून इतरांची मुले घरात घेण्याचे आहे. वकिलांना घरी मास्तर ठेवून केवळ आपल्या मुलीची सोय पाहता आली असती. पण दार उघडल्याबरोबर दीनेच्या आईला दुसऱ्या आया मिळाल्या, आणि त्या आयांना ती.

पुण्यात १९६४ साली सिंधुताई जोशी यांनी ‘कामायनी’ सुरू केली, तिचे नाव येथील श्रोत्यांस परिचित आहे. १९७२ साली मुंबईत मिठू अलूर यांनी ‘स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’ स्थापन केली. त्यांची मुलगी मालिनी हिला मेंदूचा पक्षाघात होता. बुद्धी तल्लख, पण हातपाय व जीभ तिच्या हुकमात नव्हती. हिच्या मुळाशीही आईच आहे. वकील आणि अलूर, दोन्ही घरे सुशिक्षित व साधनसंपन्न होती, म्हणून त्यांचे नाव आपल्यापर्यंत पोचले. ज्यांच्यापाशी दिवाणखाना नव्हता त्या आईबापांनी काय केले, हे शोधणे अधिक कठीण आहे.

हे केवळ आपल्याकडेच घडत होते असे नाही, आणि येथे थोडे बाहेर पाहणे उपयोगी होईल. इंग्लंडात ज्युडी फ्राइड नावाच्या बाईंची मुलगी शाळांनी नाकारली होती. १९४६ साली त्यांनी मुलांच्या संगोपनाविषयीच्या एका मासिकाला पत्र लिहिले, आणि आपल्यासारख्या इतर पालकांनी आपणास लिहावे अशी विनंती केली. उत्तरे आली, व त्यांतून पालकांची राष्ट्रीय संघटना जन्मास आली. पुढे ती ‘मेनकॅप’ या नावाने प्रसिद्ध झाली. अमेरिकेत १९५० साली मिनिआपोलिस येथे ठिकठिकाणच्या पालकमंडळांनी एकत्र येऊन आपली राष्ट्रीय संस्था बनविली. त्याच साली नोबेल पारितोषिक मिळविलेल्या पर्ल बक यांनी आपल्या मंदबुद्धी मुलीविषयी उघडपणे पुस्तक लिहिले. ज्या बाईंच्या कादंबऱ्या जगभर वाचल्या जात होत्या, त्यांनाही ही एक गोष्ट लिहिण्यास मूल तिशीला पोचेपर्यंत धीर झाला नव्हता, यावरून त्या काळची लाज केवढी होती ते दिसते.

पण आम्हांस या सर्वांत विशेष वाटते ती १९७१ सालची ओमाहा शहरातील योजना. राष्ट्रीय संघटना, अधिवेशने, ठराव हे सारे चांगले. पण ज्या आईला काल संध्याकाळी डॉक्टरांनी निदान सांगितले तिला आज सकाळी त्याचा काय उपयोग? ओमाहाच्या पालकांनी असे ठरविले की नव्या आईबापांकडे एक जुना पालक पाठवावयाचा. बंदरात शिरणाऱ्या गलबतावर वाटाड्या चढतो, तसा हा वाटाड्या पालक. त्याच्या मुलाचा दोष शक्यतो नव्या मुलासारखाच असावा, मूल थोडे मोठे असावे, आणि घरची परिस्थितीही फार वेगळी नसावी. त्याला आधी थोडे शिक्षण देत: काय बोलावे यापेक्षा केव्हा गप्प बसावे याचे. डॉक्टरी सल्ला द्यावयाचा नाही, उपाय सुचवावयाचे नाहीत, ऐकावयाचे आणि विचारले तर आपला अनुभव सांगावयाचा. ही पद्धत पुढे अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी पसरली. तीत पैसा जवळजवळ लागत नाही, ही तिची मोठी खुबी आहे. आणि पैसा लागत नाही म्हणूनच तिची पाटी कोठे लागत नाही.

आपल्या शहरांतून ही पद्धत नाव न घेता चालूच होती. विशेष शाळा गावाच्या एका टोकाला आणि घर दुसऱ्या टोकाला असले, की मुलाला पोचवून घरी परत जाणे आईला परवडत नाही. ती शाळा सुटेपर्यंत फाटकाशी थांबते. तिच्यासारख्या पाचसहाजणी तेथे असतात. कोणी विणते, कोणी भाजी निवडते, आणि अशा चारपाच वर्षांच्या थांबण्यात जी विद्या एकीकडून दुसरीकडे जाते ती कोणत्याही पुस्तकात सापडावयाची नाही. घास गिळता येत नसेल तर मान किती कलवावी, झटका आला तर तोंडात चमचा का घालू नये, लाळेने भिजणारा गळा दर तासाला पुसण्याऐवजी गळपट्टी कशी शिवावी, अपंगत्वाच्या दाखल्यासाठी सरकारी रुग्णालयात जाताना कोणते कागद आधीच घेऊन जावेत म्हणजे दुसरी खेप पडत नाही. मुलगी वयात येऊ लागली म्हणजे काय करावे, हा प्रश्न डॉक्टरांना विचारण्याचे धाडस होत नाही. तो फाटकाशी विचारला जातो. धाकट्या भावंडाला कोणत्या वयात काय सांगावे हाही तेथलाच प्रश्न. आणि नवरा घरी उशिरा येऊ लागला आहे, हे वाक्य जर कोठे मोठ्याने उच्चारले जात असेल तर तेथेच.

बापांविषयी आम्ही मुद्दामच कमी बोललो, कारण या फाटकाशी बाप फारसे नसतात. ते पुढे येतात पैशाचा, जागेचा आणि कायद्याचा प्रश्न निघाला म्हणजे. आणि तो प्रश्न मूल अठरा वर्षांचे झाल्यावर निघतो.

येथे कायद्याची एक गाठ समजून घेतली पाहिजे. अज्ञान मुलाच्या पालकत्वासाठी १८९० चा कायदा होता. पण मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याच्या दृष्टीने ते सज्ञान, मग त्याला स्वतःची सही करता येवो वा न येवो. आईबाप त्या दिवसापासून त्याचे कायदेशीर कोणी नव्हेत. त्याच्या नावे ठेवलेली रक्कम काढणे असो वा शस्त्रक्रियेस संमती देणे असो, अडचण उभी राही. १९१२ चा कायदा जाऊन १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा झाला, तो १९९३ पासून अमलात आला. त्याने मनोरुग्णाच्या व्याख्येतून मतिमंदांना वगळले. एका परीने हा न्यायच झाला. दोघांना एका दावणीला बांधण्याची ऐंशी वर्षांची चूक दुरुस्त झाली. पण तेथून बाहेर काढलेल्यांना दुसऱ्या कोठल्या घरात घ्यावयाचे, हे कोणी सांगितले नव्हते.

‘आमच्यामागे काय?’ हे दोन शब्दांचे वाक्य जेथे जेथे असे पालक जमतात तेथे तेथे ऐकू येते. शाळा असते ती मुलांची. चाळीस वर्षांच्या ‘मुला’चे काय? या प्रश्नाला महाराष्ट्रात पालकांनीच प्रथम विटामातीचे उत्तर दिले. बदलापूरची ‘आधार’ ही अशीच पालकांची संघटना. प्रौढ मतिमंद व्यक्तींच्या कायम निवासाची सोय तिने केली. डोंबिवलीजवळ खोणी येथे ‘अमेय पालक संघटने’ने ‘घरकुल’ उभारले, तेही याच हेतूने. आपल्यामागे आपल्या मुलाला सांभाळील असा माणूस शोधण्याऐवजी, आपल्यासारख्यांनी मिळून असे घर बांधावे की जेथे आपल्यातला जो मागे राहील तो सर्वांच्या मुलांकडे पाहील, हा त्यामागचा विचार आहे. सहकारी सोसायट्यांच्या या मुलखाला तो नवा वाटू नये. याच सुमारास, १९९० च्या आसपास, जयवंत दळवी यांचे ‘नातीगोती’ हे नाटक रंगभूमीवर आले आणि अशा मुलाच्या आईबापांची कोंडी सर्वसामान्य प्रेक्षकांनी प्रथमच समोर बसून पाहिली.

देशभरातील पालकसंघटनांची ‘परिवार’ ही मध्यवर्ती संस्था १९९५ साली झाली. त्याच साली अपंग व्यक्तींचा कायदा संमत झाला, आणि १९९९ साली ‘राष्ट्रीय न्यास’ कायदा आला. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुविकलांगता असलेल्यांसाठी हा न्यास आहे. त्याच्या मंडळावर पालकसंघटनांना जागा आहे, आणि प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली एक स्थानिक समिती असून तिला अठरा वर्षांवरील व्यक्तीसाठी पालक नेमण्याचा अधिकार आहे. दिवाणी न्यायालयाची पायरी न चढता हे काम होऊ लागले. संगमरवरी पाटीवर एखाद्या मंत्र्याचे नाव असेल ते असो; अठराव्या वर्षीचा तो पेच सरकारने आपण होऊन शोधून काढला असेल, असे मानण्यास आम्ही तयार नाही. ज्याची सही बँकेत परत आली त्यानेच तो शोधला.

मनोविकारांच्या क्षेत्रात हीच गोष्ट थोड्या निराळ्या रीतीने घडली. धुळ्याचे डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडातील कॅलगरी येथे प्राध्यापक होते. पत्नीच्या आजाराच्या अनुभवातून त्यांनी १९९७ साली पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ स्थापन केली. तेथे रुग्णांच्या नातेवाइकांचे स्वमदत गट चालू लागले. या चळवळीने मराठीला दोन सुंदर शब्द दिले आहेत: रुग्णासाठी ‘शुभार्थी’ आणि त्याला सांभाळणाऱ्यासाठी ‘शुभंकर’. वीस वर्षांच्या मुलाला हा आजार जडतो तेव्हा त्याची आई पुन्हा तान्ह्या मुलाची आई होते; तिला ‘रुग्णाची नातेवाईक’ म्हणणे कोरडे, ‘बिचारी’ म्हणणे अपमानकारक. शुभंकर म्हटल्याने तिचे काम हलके होत नाही, पण त्या कामाला नाव मिळते. पारिभाषिक शब्दांच्या समित्यांना जे साधत नाही ते गरजेने साधले.

येथवरचा सारा इतिहास मुंबई, पुणे, बदलापूर, डोंबिवली असा आगगाडीच्या रुळांच्या कडेने चालला आहे, हे श्रोत्यांच्या ध्यानात आले असेलच. आता रूळ सोडून आत जाऊ. पुण्याहून नगर रस्त्याने कोरेगाव भीमापर्यंत जावे व तेथून आत वळावे, म्हणजे शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक लागते. १६८९ साली हौतात्म्य पत्करलेल्या छत्रपती संभाजी महाराजांची समाधी तेथे आहे; मराठी मनुष्याला हे गाव त्या समाधीने ठाऊक. परंतु समाधीला हात जोडून परतणाऱ्याला त्या परिसराचे आजचे रूप दिसतेच असे नाही. सणसवाडी, रांजणगाव या बाजूला कारखाने उभे राहिले आणि मराठवाडा, विदर्भापासून उत्तर हिंदुस्थानापर्यंतची माणसे येथे भाड्याच्या खोल्यांत राहू लागली. गावच्या जुन्या घरात सून असलेल्या आईला निदान भाऊबंद तरी आहेत, ते टोमणे मारोत की सांभाळोत. पाळीवर गेलेल्या कामगाराच्या बायकोला, पत्र्याच्या खोलीत, झटके येणाऱ्या मुलाबरोबर बसलेली असताना, कोणीच नाही.

तिला फाटकाशी उभी राहणारी सोबतीण कोठून मिळावी? समदुःखी मिळावयाला समदुःखी असावे लागतात, ही या साऱ्या कार्यातील खरी अडचण आहे, आणि तिच्याविषयी शहरातील संघटना क्वचितच बोलतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अपंग व्यक्ती सुमारे २९ लाख निघाल्या. आकडा मोठा आहे. पण दोनचार हजार वस्तीच्या गावात तो वाटून दिला तर स्वमग्न मूल कदाचित एक, मेंदूचा पक्षाघात असलेले एखादे, बहिरे एखादे, असाच हिशेब होतो. शहरात प्रत्येक दोषाच्या पालकांची निराळी मंडळे होऊ शकतात, व ती झालीही. २०१६ च्या नव्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले, ते आवश्यकही होते, कारण ज्याचे नाव यादीत नाही त्याला दाखला नाही. पण वढूच्या आईने जर आपल्याच प्रकारची दुसरी आई शोधावयाची म्हटले तर तिला तालुका पालथा घालावा लागेल. ओमाहाचा नियम असा की वाटाड्याचे मूल नव्या मुलासारखेच असावे. तो नियम खेड्यात चालणार नाही. येथे बहिऱ्या मुलीच्या आईने न चालणाऱ्या मुलाच्या आईला हात द्यावयाचा आहे. आपल्या शास्त्रकारांनी अंधपंगुन्याय सांगितला तो दोन निराळ्या उणिवांच्या माणसांचाच आहे. दोन आंधळ्यांचा नाही.

असे होऊ शकते काय? या प्रश्नाकडे पाहताना वढू बुद्रुकच्याच एका घराकडे लक्ष जाते. सिस्टर ल्युसी कुरियन या मूळच्या केरळच्या. १९९१ साली त्या पुण्यात काम करीत असता एक गरोदर स्त्री त्यांच्याकडे आसरा मागण्यास आली. रात्री तिला ठेवून घेण्याची सोय नव्हती. उद्या पाहू असे सांगून तिला परत पाठवावे लागले. त्याच रात्री नवऱ्याने तिला पेटवून दिले. ती गेली, पोटातले मूलही गेले. पुढे १९९७ साली सिस्टर ल्युसी यांनी वढू बुद्रुक येथे निराधार स्त्रियांसाठी घर काढले आणि त्याचे नाव ठेवले ‘माहेर’. सर्व धर्मांच्या स्त्रिया व मुले तेथे राहतात. रस्त्यावर सापडलेल्या, मनाचा तोल गेलेल्या स्त्रियांसाठी त्यांनी ‘वात्सल्यधाम’ हे निराळे निवासस्थान केले.

हे पालकांच्या संघटनेचे उदाहरण नव्हे, हे आम्हांस माहीत आहे. पण नावाचा विचार करावा. सासुरवाशिणीला माहेरी कोणी उपाय विचारीत नाही. तेथे ती बसते, जेवते, बोलते किंवा बोलत नाही. ओमाहाच्या लोकांनी वाटाड्या पालकांना शिकवून जे साधले ते मराठी भाषेने एका शब्दात केव्हाच ठेवून दिले होते. ‘माहेर’मधील स्त्रियांना दुःखाच्या प्रकारावरून वेगळे केलेले नाही. कोणी मारहाणीला कंटाळून आलेली, कोणी टाकलेली, कोणी विधवा. आजूबाजूच्या गावांतून संस्थेने बायकांचे बचत गट बांधले, आणि ज्याला तालुका पालथा घालावा लागेल म्हणून आम्ही वर म्हटले, त्याचे थोडे उत्तर अशा गटात असू शकते. दहापंधराजणी महिन्याला ठरल्या दिवशी वहीवर पैसे मांडण्यासाठी जमतातच. त्यांतल्या एकीचे मूल चालत नसेल, दुसरीची मुलगी ऐकत नसेल. पैशाचा हिशेब झाल्यावर अर्धा तास त्या उठल्या नाहीत, तर फाटकाबाहेरची शाळा तेथेच भरते. जिल्हाधिकारी कचेरीतल्या त्या स्थानिक समितीपुढे अर्ज न्यावयाचा झाला तरी एकटी आई पुण्यात जाऊन गोंधळते. गटातली दुसरी बरोबर असली म्हणजे एक रांगेत उभी राहते आणि दुसरी मुलाला धरून बसते.

‘माहेर’च्या मुलांच्या घरांतून ज्या गृहमाता आहेत त्यांच्याकडे या दृष्टीने पाहावे. आईबाप नसलेल्या किंवा आईबापांना न पेलवलेल्या मुलांना त्या जेवू घालतात, शाळेला पाठवितात, रात्री उशाशी बसतात. त्यांपैकी काही जणी कधी काळी स्वतःच, अंगावरच्या लुगड्यानिशी, या दाराशी आल्या होत्या.